शुद्धिहरणातील रुग्णनिरीक्षण : हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग

शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या रुग्णाचे श्वसन, नाडी, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण इ. गोष्टींवर शस्त्रक्रिया संपून शुद्ध येईपर्यंत अखंड लक्ष ठेवणे व त्यांत होणाऱ्या बदलांनुसार भुलीचे प्रमाण कमीजास्त करणे, यास शुद्धिहरणातील रुग्णनिरीक्षण म्हणतात. शुद्धीवर असलेला रुग्ण आपला त्रास बोलून दाखवितो. भूल दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याचे शरीर जी चिन्हे दाखविते, तीच वाचावी लागतात. यांपैकी कोणते चिन्ह प्रमुख मानावे, श्वास की नाडी, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ वाद चालला. या वादातील प्रयोगांचे एक मोठे पर्व १८८८-८९ मध्ये निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, घडले. नांदेड, मुखेड, देगलूर, लातूर हा सर्व मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे या पर्वाला मराठवाड्याच्या वैद्यकीय इतिहासातही स्थान आहे.

वादाची पार्श्वभूमी : विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे ईथराच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवून आणले. पुढील वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन (१८११–७०) यांनी क्लोरोफॉर्माचा वापर सुरू केला. क्लोरोफॉर्माचा वास सुसह्य होता, थोडे थेंब पुरत आणि रुमालाच्या घडीखेरीज कोणतेही साधन लागत नसे. काही आठवड्यांतच त्याने ईथराला बऱ्याच ठिकाणी मागे सारले. परंतु तीन महिने होण्याच्या आतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील विनलेटन या गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता दोन-तीन मिनिटांत मरण पावली. क्लोरोफॉर्मामुळे झालेला हा पहिला नोंदविलेला मृत्यू होय.

या मृत्यूचा अर्थ काय लावावा यावरून मतभेद सुरू झाले. सिम्प्सन यांच्या मते मुलीला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात ओतलेले पाणी व ब्रँडी घशात अडकून ती गुदमरली. लंडनमधील जॉन स्नो (१८१३–५८) यांचे मत वेगळे होते. हवेत क्लोरोफॉर्माचे प्रमाण जास्त झाले, तर तो हृदयालाच एकाएकी बंद पाडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते व म्हणून हे प्रमाण चार-पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे कार्य पुढे चालविणारे जोसेफ क्लोव्हर (१८२५–८२) यांनी मोजून मिसळलेल्या हवेची मोठी पिशवी वापरात आणली. भूल देत असताना त्यांचे बोट सतत रुग्णाच्या नाडीवर असे. एडिंबरोत याच्या उलट शिकवण होती. तेथील शल्यचिकित्सक जेम्स साइम (१७९९–१८७०) नाडीकडे पाहण्याचे काहीच कारण मानीत नसत. श्वास मोकळा आहे ना, घोरण्यासारखा आवाज येतो का, जीभ मागे पडली आहे का, एवढेच भूल देणाऱ्याने पाहावे व जीभ मागे पडल्यास ती पुढे ओढून धरावी, अशी त्यांची रीत होती. साइम यांचे जामात जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनीही हीच रीत उचलून धरली.

वरवर पाहता हा वाद बोट कोठे ठेवावे एवढ्यापुरता वाटतो. त्यामागे मात्र जबाबदारीचा प्रश्न होता. मृत्यू नेहमी श्वास थांबल्यानेच होत असेल, तर दक्ष माणसाला तो टाळता येतो आणि झालेला प्रत्येक मृत्यू हा भूल देणाऱ्याचा हलगर्जीपणा ठरतो. उलट हृदय पूर्वसूचनेशिवाय थांबत असेल, तर दोष औषधाचा आहे आणि ते वापरणेच धोक्याचे आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने नेमलेल्या ग्लासगो येथील समितीने १८८० च्या सुमारास प्रयोगांती असा निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्मामुळे रक्तदाब अचानक व अनिश्चितपणे घसरतो. एडिंबरोच्या अनुयायांना तो मान्य झाला नाही.

भारतात हा प्रश्न अधिक निकडीचा होता व त्याचे एक कारण हवामान हे होते. ईथर ३४·६° से. तापमानाला उकळतो, तर क्लोरोफॉर्म ६१° से. च्या आसपास उकळतो. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी ईथराची बाटली उघडताच औषधाची वाफ होऊ लागते व ते साठवून ठेवणेही कठीण जाते. शिवाय ईथर ज्वालाग्राही असल्यामुळे कंदिलाच्या उजेडात तो वापरण्याची भीती असे. क्लोरोफॉर्म पेट घेत नाही. मात्र उघड्या ज्योतीजवळ त्याचे विघटन होऊन फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो, हा धोका त्यातही होताच. एक लहान बाटली खिशात ठेवून घोड्यावरून वा बैलगाडीने दौऱ्यावर जाणाऱ्या डॉक्टरला क्लोरोफॉर्माला पर्याय नव्हता, असे म्हणणे वावगे होणार नाही.

हैदराबादचे आयोग : एडवर्ड लॉरी हे साइम यांचे विद्यार्थी. १८८५ मध्ये ते हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक झाले. अफझलगंज रुग्णालय आणि हैदराबाद मेडिकल स्कूल यांची सूत्रेही त्यांच्याकडे आली. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या व आरंभी उर्दूतून शिक्षण देणाऱ्या या संस्थेचा हेतू राज्यासाठी डॉक्टर तयार करणे हा होता. लॉरी आपल्या विद्यार्थ्यांना साइम यांची शिकवण जशीच्या तशी देत. नाडी पाहणे निरुपयोगीच नसून घातक आहे, कारण त्यामुळे श्वासावरचे लक्ष उडते, असे ते सांगत. आपल्या हातून क्लोरोफॉर्माने मृत्यू होत नाहीत, हा त्यांचा दावा होता व तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

या मताची परीक्षा व्हावी म्हणून लॉरी यांच्या आग्रहावरून सहावे निजाम मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) यांच्या सरकारने १८८८ मध्ये पहिला आयोग नेमला. पॅट्रिक हेहिर हे त्याचे अध्यक्ष होते. शंभराहून अधिक बेवारशी कुत्र्यांवर प्रयोग करण्यात आले. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला व हृदय नंतर, असा निर्वाळा आयोगाने दिला. लंडनच्या *द लॅन्सेट* या वैद्यकीय साप्ताहिकाने या निष्कर्षावर कठोर टीका केली. यावर निजाम सरकारने उचललेले पाऊल त्या काळाच्या मानाने असाधारण होते. *लॅन्सेट*ने आपला तज्ज्ञ प्रतिनिधी हैदराबादेस पाठवावा व त्याच्यासमोर प्रयोग पुन्हा करावेत, यासाठी सरकारने एक हजार पौंड देऊ केले. एका भारतीय संस्थानाने वैद्यकशास्त्रातील वादग्रस्त प्रश्नाच्या निर्णयासाठी युरोपातील शास्त्रज्ञाला स्वखर्चाने बोलाविल्याची अशी उदाहरणे विरळाच.

*लॅन्सेट*ने निवडलेले टॉमस लॉडर ब्रंटन (१८४४–१९१६) हे औषधिक्रियाशास्त्राचे नामांकित अभ्यासक होते. क्लोरोफॉर्म हृदयाला अपाय करतो, असे त्यांचे पूर्वीचे मत होते. त्यामुळे त्यांच्या निवडीबद्दल पक्षपाताचा संशय कोणी घेतला नाही. ऑक्टोबर १८८९ मध्ये ते हैदराबादेस पोहोचले. लॉरी, ब्रंटन, जेरल्ड बॉमफर्ड आणि निजामाच्या वैद्यकीय सेवेतील रुस्तमजी हे दुसऱ्या आयोगाचे सदस्य होते. डिसेंबरपर्यंत कुत्री, मांजरे, माकडे, शेळ्या, ससे व घोडे मिळून चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांपैकी शंभराहून अधिक प्राण्यांच्या रोहिणीला (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला) दाबमापक जोडला होता. दाबातील चढउतार काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर सुईने उमटत व त्या रेषांची छायाचित्रे घेतली जात. प्रयोगांत सोपेपणा नव्हता. प्राण्यांचा श्वास मुद्दाम कोंडून पाहिला, हृदयाकडे जाणारी तंत्रिका तोडून पाहिली, फॉस्फरस देऊन आधी हृदय व यकृत दुबळे केलेल्या प्राण्यांनाही क्लोरोफॉर्म देऊन पाहिला.

डिसेंबरमध्येच ब्रंटन यांनी लंडनला तार करून आपले मत बदलल्याचे कळविले. धोका गुदमरण्याचा वा अतिमात्रेचा आहे, क्लोरोफॉर्मापासून हृदयाला प्रत्यक्ष धोका नाही, असा तारेचा आशय होता. जानेवारी १८९० पासून सविस्तर अहवाल *लॅन्सेट*मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील व्यावहारिक सूचना आजही वाचण्यासारख्या आहेत. रुग्णाला पाठीवर निजवावे व त्याचे कपडे सैल करावेत; डोळ्याच्या पृष्ठभागाला बोटाचा हलका स्पर्श केल्यावर पापणी आपोआप मिटेनाशी झाली की भूल पुरेशी झाली असे समजावे; त्यानंतर अधूनमधून थोडीशी वाफ देत रुग्णाला तेवढ्याच भुलीत ठेवावे; भूल देणाऱ्याने सर्वस्वी श्वसनावरून निर्णय घ्यावा, असे त्यात सांगितले होते. नाडीला या सूचनांत स्थान नव्हते.

या प्रयोगांच्या काळात हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये रूपाबाई फर्दुनजी ही पारशी विद्यार्थिनी शिकत होती. १८८५ मध्ये लॉरी यांनी प्रवेश दिलेल्या पहिल्या मोजक्या विद्यार्थिनींपैकी ती एक होती व १८८९ मध्ये ती पदवीधर झाली. आयोगाच्या कामात तिने भाग घेतला. पुढे अनेक वर्षे हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम तिने केले आणि १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी ती एडिंबरोला गेली. शुद्धिहरणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम तेव्हा नसल्याने तिने तेथे भौतिकी व रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला. डॉ. रूपाबाई या जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात. आयोगाच्या अहवालापेक्षा त्यांचे नाव अलीकडे अधिक आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे.

निष्कर्षांची परीक्षा : हैदराबादच्या रेषा पुन्हा वाचल्या गेल्या, तेव्हा त्यांतून वेगळेच दिसू लागले. क्लोरोफॉर्म देताच रक्तदाब घसरतो, हे आयोगाच्या स्वतःच्या नोंदींतही होते. आयोगाने त्याचे कारण मेंदूतील रक्तवाहिन्यांचे नियंत्रण करणारे केंद्र मंद होणे हे मानले आणि ही घसरण निरुपद्रवी, किंबहुना हितकारक ठरविली. केंब्रिजमधील वॉल्टर गॅस्केल व लुई शोअर यांनी १८९३ मध्ये दोन प्राण्यांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडले व क्लोरोफॉर्मयुक्त रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वेगवेगळे जाईल अशी व्यवस्था केली. त्यांवरून दाबाची घसरण मुख्यतः हृदयावरील प्रत्यक्ष परिणामामुळे होते, असे त्यांनी दाखविले.

निर्णायक पुरावा १९११ मध्ये पुढे आला. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले की, क्लोरोफॉर्माची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनॅलीन वाढले, तर हृदयाच्या निलयांचे (खालच्या कप्प्यांचे) आकुंचन एकसंध न राहता त्यांत विस्कळित कंपन सुरू होते आणि रक्ताभिसरण तत्क्षणी थांबते. भीती, धडपड, अर्धवट भुलीत घातलेला छेद यांमुळे ॲड्रेनॅलीन वाढते. लहानशा शस्त्रक्रियेच्या आरंभीच, थोडा क्लोरोफॉर्म दिलेला असताना, तरुण व धडधाकट माणसे का दगावत, याचा उलगडा यामुळे झाला. हैदराबादेत भूल सखोल करीत नेण्यावर भर होता. सखोल भुलीत श्वास खरोखरच आधी थांबतो. प्रयोगांची संख्या मोठी होती, पण ज्या अवस्थेत माणसे मरत होती ती अवस्था त्यांत क्वचितच तपासली गेली. आयोगाचे कष्ट व प्रामाणिकपणा यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु उत्तर काय यावे हे लॉरी यांनी आधीच ठरविलेले होते आणि त्यानुसारच प्रश्न विचारला गेला. लॉरी यांना रुग्णालयात मिळालेल्या यशाचे एक संभाव्य कारण असेही असावे की, उष्ण व मोकळ्या हवेत उघड्या टोपीतून दिलेल्या वाफेत भरपूर हवा मिसळत असे. म्हणजे ज्या स्नो यांचे मत त्यांना अमान्य होते, त्यांचाच नियम तेथे नकळत पाळला जात होता.

नोंदी व उपकरणे : हा वाद चालू असतानाच दोन तरुण विद्यार्थ्यांनी त्यावर निराळा उपाय शोधला होता. बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालयात हार्व्ही कुशिंग (१८६९–१९३९) व अर्नेस्ट कॉडमन यांनी १८९४-९५ मध्ये भूल देताना रुग्णाची नाडी व श्वसन यांचे आकडे ठरावीक वेळाने एका तक्त्यावर मांडण्यास सुरुवात केली. १९०१ मध्ये कुशिंग यांनी इटलीतून दंडाला बांधण्याची रीव्हा-रॉत्ची यांची रक्तदाबमापक पट्टी आणली व तक्त्यात रक्तदाबाची भर पडली. श्वास की नाडी या प्रश्नाचे उत्तर दोन्ही लिहून ठेवणे हे होते. ते इतके साधे होते की वादाच्या भरात कोणास सुचले नसावे.

आर्थर गेडेल (१८८३–१९५६) यांनी १९२० मध्ये श्वसन, डोळ्यांची हालचाल व बाहुलीचा आकार यांवरून ईथराच्या भुलीच्या अवस्था ठरवून दिल्या. १९४२ मध्ये मॉन्ट्रिऑल येथे स्नायू सैल करण्यासाठी क्युरारे वापरण्यास सुरुवात झाली आणि ही चिन्हे अपुरी पडली. स्नायू लुळे पडल्यावर रुग्ण स्वतः श्वास घेत नाही. श्वासाच्या गतीवरून भुलीची खोली ओळखणे मग शक्य राहत नाही. हेन्री बीचर व डोनल्ड टॉड यांनी १९४८–५२ या काळातील अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या सु. सहा लाख शुद्धिहरणांचा अभ्यास करून १९५४ मध्ये दाखविले की, दर १,५६० शुद्धिहरणांमागे एक मृत्यू शुद्धिहरणाशी निगडित होता.

ऑक्सिजनाची कमतरता ओळखण्यासाठी ओठ व नखे निळी पडतात का, हे पाहण्याची पद्धत होती. ती फसवी आहे. निळेपणा दिसण्यासाठी रक्तात ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन पुरेशा प्रमाणात, सामान्यतः दर १०० मिलि.स सु. ५ ग्रॅ., असावे लागते. तीव्र रक्तक्षय असलेल्या बाळंतिणीच्या रक्तात एकूण हीमोग्लोबिनच सहा-सात ग्रॅम असते. ती गुदमरत असली, तरी निळी पडत नाही. सावळ्या वर्णात व मंद उजेडात हा बदल आणखी उशिरा लक्षात येतो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी (१९३६–२०२०) यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारलेल्या नाडी-ऑक्सिमापकाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश पाठवून, त्यांपैकी नाडीबरोबर कमीजास्त होणारा भागच हे उपकरण मोजते व त्यावरून ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिनाची टक्केवारी काढते. वर्ण गडद असल्यास हा आकडा प्रत्यक्षापेक्षा काहीसा जास्त येऊ शकतो, ही गोष्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासामुळे ठळकपणे पुढे आली. भारतीय रुग्णांच्या बाबतीत ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या उपकरणाची दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. रुग्णाला ऑक्सिजन दिला जात असेल, तर श्वास थांबल्यावरही फुप्फुसांतील साठा काही मिनिटे पुरतो व तोपर्यंत आकडा चांगलाच दिसतो. त्यामुळे उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजून प्रत्येक श्वासाची रेषा पडद्यावर काढणारे उपकरण जोडीला लागते. बोटावरचा चिमटा आणि श्वासनळीतली ही रेषा यांत लंडन व एडिंबरो यांचे दोन्ही आग्रह आज शेजारी शेजारी नांदत आहेत. हार्व्हर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयांनी १९८५ मध्ये किमान निरीक्षणाचे नियम ठरविले. त्यांत भूल देणाऱ्याने रुग्णापाशी सतत उपस्थित राहणे व निदान दर पाच मिनिटांनी नाडी व रक्तदाब पाहणे यांना यंत्रांच्या आधीचे स्थान होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तयार केलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा सूचीत नाडी-ऑक्सिमापक चालू असल्याची खात्री भूल देण्यापूर्वी करावयाची असते.

मराठवाडा : १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले व १९८८ मध्ये नांदेडला. क्लोरोफॉर्म हृदयाबरोबर यकृतालाही अपाय करतो हे एव्हाना माहीत झाले होते; १९५६ पासून हॅलोथेन उपलब्ध झाल्यावर तो शस्त्रक्रियागृहांतून हळूहळू नाहीसा झाला. मुखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी आता भुलीचा प्रश्न मुख्यतः अडलेल्या बाळंतिणीच्या संदर्भात येतो. शस्त्रक्रियेने प्रसूती करण्यासाठी बहुधा कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागी असते व बोलते. पण पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो, म्हणून त्या वेळी तो वारंवार मोजावा लागतो. नांदेड तेथून सु. सत्तर किमी. दूर आहे. रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीला एवढे अंतर नेण्यापेक्षा जागेवरच भूल देता यावी, या हेतूने केंद्र शासनाने एम्.बी.बी.एस्. डॉक्टरांसाठी प्राणरक्षक शुद्धिहरणाचे अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आरोग्य कर्मचारी व आशा स्वयंसेविका ऑक्सिमापक घेऊन घरोघर गेल्या आणि शस्त्रक्रियागृहातले हे उपकरण वाड्यातांड्यांवर पोहोचले. पंचाण्णवच्या खाली आकडा आल्यास काळजी घ्यावी, हे अनेक घरांतून माहीत झाले. रुग्णालयात भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाचा तक्ता मात्र अजूनही कुशिंग यांच्या धाटणीचा असतो : आडव्या अक्षावर दर पाच मिनिटांची घरे, त्यांत रक्तदाबाच्या खुणा व नाडीचे ठिपके, आणि खालच्या ओळीत श्वसनाची नोंद.